आधी ताल ओळखा, मग पाना उचला

तुम्ही लिहिता की आजोबांची १९७४ची पद्मिनी मोटार दोन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेतल्या बोळात उभी होती, आता चालू केली की टकटक करते, आणि गॅरेजवाला म्हणतो इंजिन उतरवावं लागेल. त्याने बॉनेट उघडून किती वेळ ऐकलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाच मिनिटांत निदान झालं असेल तर गाडी घरी घेऊन या.

हा खर्च मी करून बसलोय. माझ्या फियाटचं इंजिन एका गॅरेजने असंच खोललं, बेअरिंग बदलली, बिल घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली, तर टकटक जशीच्या तशी! निघालं काय, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या जोडाचं, गॅसकेट (फट बंद करणारी पातळ चकती) जळालेलं. इंजिन थंड असताना फटीतून वायू फुटायचा, तापलं की धातू प्रसरण पावून फट बुजायची. आवाज थेट टॅपेटसारखा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागासारखा. त्या जोडावर काजळीचा काळा पट्टा होता, तो कुणी पाहिलाच नव्हता. मीही नाही.

तेव्हापासून आवाज कुठून येतो हे मी नंतर बघतो, कारण तो धातूतून पसरतो आणि कानाला फसवतो. आधी बघतो, कधी येतो. व्हॉल्व्ह हलवणारी कॅमशाफ्ट पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकच्या (मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरते, म्हणून सैल टॅपेट क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा वाजतं, शिवणयंत्रासारखं हलकं. बिगएंडचा, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगचा, ठोका जड, दाराआडून कुणी मुठीने मारावं तसा. तो गरम झाल्यावर वाढतो आणि रेस देऊन सोडली की खडखडतो. थंडीत खडखडून थोड्या वेळात विरणारा आवाज बहुधा ढिल्या पिस्टनचा. त्यासाठी लगेच इंजिन खोलायची घाई नको. कात्रज घाटात चढताना खळखळ होत असेल, तर आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बघा.

खात्री करायची तर आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवून, एकेक प्लगची वायर काढून बघा. पेट्रोल कुठे गळत नाही ना, हे आधी तपासा आणि रबरी मुठीचा चिमटा वापरा, नाहीतर झटका बसेल. वायर काढल्यावर ठोका मंदावला, तर बेअरिंग किंवा पिस्टन त्या सिलेंडरचं. टॅपेटला फरक पडत नाही. मग फॅनबेल्ट काढून अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर दोष डायनॅमोच्या (वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगमध्ये, इंजिनात नाही. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकतात, पण मी रबरी पाइपचा तुकडा घेतो. पंख्यापाशी वाकताना तोच बरा.

दोन वर्षं उभ्या गाडीचं ऑइल मात्र आधी बदला. टॅपेट इंजिन थंड असताना, मॅन्युअलच्या मापाने लावा. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्या, जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळेलही, पण घासलेली पट्टी चुकीचं माप देते. ती नवीनच घ्या, त्यात पुणेरी काटकसर नको.

आता एवढं सांगा: आवाज थंड असताना येतो की गरम झाल्यावर? तापल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो का? जड ठोका आणि दिवा दोन्ही असतील, तर गॅरेजवाला बरोबर आहे, आणि गाडी त्याच्याकडे चालवत नेऊ नका, ओढून न्या.