नसलेलं दुखणं ओढवून घेऊ नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे, त्याला मी काय करणार?’ हे त्यात तीनदा आलंय. वहीच्या पानांचे फोटोही पाहिले. सकाळचं वजन, रात्रीचं वजन, पुढे लाल पेनाच्या खुणा. मंगळवारी रात्री काटा सकाळपेक्षा 900 ग्रॅम जास्त दाखवत होता, म्हणून बुधवारी तू दिवसभर उपाशी राहिलास. ते वाचून जीव कळवळला, म्हणून लगेच लिहायला बसले.

आधी त्या 900 ग्रॅमचं बघू. अर्धा लीटर पाणी पिऊन काट्यावर उभा राहिलास, तरी अर्धा किलो वाढेलच. ती चरबी नव्हे. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि दर ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. उपास केला की साठा उतरतो, पाणी जातं, काटा खाली येतो. नीट जेवलास की सगळं परत. तुझ्या लाल खुणा बहुतेक या पाण्याच्याच आहेत रे.

आता चयापचय, म्हणजे तुझं ते मेटाबॉलिझम: शरीर ऊर्जा कशी वापरतं ते. तू नुसता पडून असलास तरी हृदय, यकृत, मूत्रपिंडं, मेंदू यांचं काम चालूच असतं. फारशी हालचाल नसलेल्या माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जेतला 60 ते 70 टक्के वाटा यातच जातो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीतली 20 टक्के ऊर्जा तो एकटा घेतो. आणि शरीर जितकं मोठं, तितका हा खर्च सहसा जास्तच असतो. त्यामुळे ‘वजन जास्त म्हणजे चयापचय मंद’ हे गणित बहुतेक वेळा चुकतं. वयाचंही तसंच. 2021 साली सहा हजारांहून जास्त लोकांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार हिशेबात धरला, तर 20 ते 60 या वयात हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो, असं त्यात दिसलं.

मग तुझ्या मित्राच्या अंगी खाल्लेलं का लागत नाही? 1999 सालच्या एका प्रयोगात 16 जणांना 8 आठवडे रोज 1000 कॅलरी जास्त खायला दिल्या. कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, कुणाची 4 किलोंच्या वर गेली. फरक मुख्यतः व्यायामाबाहेरच्या हालचालींचा होता: उठणं-बसणं, येरझाऱ्या, हातपाय हलवत राहणं. काहींचं शरीर जास्त खाल्लं की आपोआप जास्त हलतं. यात त्याचा गुण नाही आणि तुझा दोषही नाही.

मला खरी काळजी आहे ती उपासांची. वजन झपाट्याने उतरवलं की शरीर काटकसर करू लागतं. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना 6 वर्षांनी तपासलं, तेव्हा विश्रांतीतला त्यांचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरींनी कमी निघाला. बऱ्याच जणांचं बरंचसं वजनही परत आलं होतं. ज्या मंदपणाची तुला धास्ती आहे, तो असाच ओढवतो. उपाशीपणात स्नायूही झिजतात, आणि जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायूच करतात. सुरुवातीच्या काळात मीही लोकांना अगदी तुटपुंज्या आहाराचे तक्ते लिहून दिले, आणि वजन परत आलं की दोष त्यांनाच दिला. त्याची खंत अजून जात नाही.

तर आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर ताण येईल असा व्यायाम कर. प्रत्येक जेवणात प्रथिनं असू देत. ती पचवताना त्यांच्यातल्याच 20 ते 30 टक्के कॅलरी खर्च होतात, शिवाय पोट भरलेलं राहतं. झोप पुरी घे. सतत थकवा, थंडी सहन न होणं, कोरडी त्वचा असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घे. थायरॉइड खरंच मंद असू शकतं, आणि त्यावर औषध आहे. मात्र त्यामुळे वाढलेलं वजन सहसा थोडंच असतं, आणि त्यातही पाण्याचा भाग मोठा.

वजन आठवड्यातून एकदाच कर, सकाळी. त्याच दिवशी कंबरही मोज आणि तो आकडा वहीत लिही. लाल पेन नको. आणि उद्या सकाळी नाश्ता केलास की मला कळव, मी वाट बघतेय.

तुझी,
मावशी