कास पठारावर घटपर्णी दिसते का, आणि ती किडे नेमके कसे पकडते?

नाही, कासला घटपर्णी, म्हणजे पानाच्या टोकाला घड्यासारखा सापळा करून किडे पकडणारी वनस्पती, नाही. कासलाच काय, आख्ख्या सह्याद्रीत ती आपणहून कुठंच उगवत नाही. भारतात तिची एकच जात रानात सापडते, नेपेंथिस खासियाना, आणि ती मेघालयात, गारो, खासी आणि जयंतिया टेकड्यांवर. तुम्ही विचारलंय की सप्टेंबरमध्ये साताऱ्याला येतोय तर कासला ती बघायला मिळेल का, किडा आत गेला की ती झाकण बंद करते का, आणि घरी कुंडीत लावली तर जगेल का. मी साताऱ्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, हे तिन्ही प्रश्न मला दरवर्षी वर्गात येतात, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

आधी झाकणाचं सांगते, कारण हा गैरसमज फार पक्का बसलाय. झाकण बंद होत नाही. पानाची मधली शीर पुढं लांब तंतूसारखी वाढते आणि तिच्या टोकाला घडा तयार होतो, तो कोवळा असतो तेव्हा झाकण चिकटलेलं असतं, आत पाचक रस आधीच भरलेला असतो, आणि घडा पक्व झाला की झाकण एकदा उघडतं ते कायमचं. पुढं त्याचं काम म्हणजे पावसाचं पाणी आत पडून रस पातळ होऊ न देणं, शिवाय त्याच्या खालच्या बाजूला मधासारखा गोड रसही असतो.

खरी करामत घड्याच्या काठाची आहे. हा काठ गोल वळलेला, त्यावर अगदी बारीक समांतर रेघा, आणि त्यावरही गोड रस. पाऊस पडला किंवा दव साचलं की काठावर पाण्याचा पातळ थर पसरतो, आणि मग शेवाळल्या फरशीवरून आपला पाय सटकावा तशी मुंगी सटकून आत पडते. हे बोर्निओतल्या एका जातीवर प्रयोग करून 2004 मध्ये दाखवलं गेलं. पण मला त्याहून भारी वाटतो तो 2015 चा अभ्यास. काठ कोरडा असताना मुंगी आरामात येते, गोड खाते आणि परत जाते, घडा तिला पकडूच शकत नाही. वरवर बघता हा तोटाच की! पण ती मुंगी वारुळात जाऊन बाकीच्यांना घेऊन येते, आणि तोवर काठ ओला झाला तर एकीच्या जागी एकदम कितीतरी आत पडतात. म्हणजे काठ कोरडा पडून सापळा अधूनमधून निकामी असणं हे झाडाच्या फायद्याचंच ठरतं.

आत पडल्यावर वर चढायचं म्हटलं तर बऱ्याच जातींत भिंतीच्या वरच्या भागात मेणाचा थर असतो, पाय धरतच नाहीत. खालच्या भागात ग्रंथी असतात, रस आम्लधर्मी, त्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स आणि किड्याचं कवच फोडणारं कायटिनेजसुद्धा. गंमत म्हणजे त्याच रसात काही डासांच्या अळ्या मजेत वाढतात, त्यांना काही होत नाही. आपल्या खासियानाबद्दल अजून एक गोष्ट, तिचा काठ अतिनील प्रकाशात निळा चमकतो, आणि केरळमधल्या पालोडच्या बोटॅनिक गार्डनमधल्या संशोधकांनी ती चमक झाकून बघितली तर पडणारे किडे खूपच कमी झाले. हे 2013 मध्ये छापून आलं.

आता मुख्य मुद्दा, आणि इथं पोरं कायम गडबडतात. ही झाडं किडे खाऊन "जगत" नाहीत. अन्न ती पानातच करतात, उन्हात, इतर कुठल्याही झाडासारखं. किड्यातून त्यांना हवं असतं ते खत, म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, कारण जिथं ती उगवतात तिथली माती निकस असते. बोर्निओत तर एक जात किडे कमी पकडते आणि तिच्या घड्यात दिवसा छोटं वटवाघूळ झोपायला येतं, त्याची विष्ठा आत पडते, आणि 2011 च्या अभ्यासात त्या झाडाच्या पानातला साधारण तिसरा हिस्सा नायट्रोजन त्या विष्ठेतूनच आलेला निघाला. दुसऱ्या एका जातीच्या झाकणावर वृक्षचिचुंद्री येऊन गोड रस चाटते आणि घड्यातच शी करून जाते. झाडाला खताशी मतलब, ते कुठल्या वाटेनं येतंय याच्याशी नाही.

आणि हे कळलं की कास पठार वेगळंच दिसायला लागतं बघा. तिथं खाली जांभ्याचा कातळ, वर मातीचा जेमतेम थर, आणि पाऊस असा की असलेलं नायट्रोजनसुद्धा धुऊन जातं. ऊन मात्र सप्टेंबरात भरपूर, वर सावली धरायला झाड नाही. सापळा बनवायला झाडाला बराच खर्च येतो, तो परवडतो अशाच जागी जिथं पाणी-ऊन भरपूर आणि खत नाही. म्हणून घटपर्णी नसली तरी कीटकभक्षी वनस्पती कासला आहेतच, तुमच्या पायाशी, फक्त वाकून बघावं लागतं. ड्रॉसेरा इंडिका म्हणजे दवबिंदू, बारीक उभी लालसर झाडं, पानावर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. दुसरी ड्रॉसेरा बर्मानी, जमिनीला चिकटलेलं छोटं चक्र, हिचे कडेचे केस किडा बसला की काही सेकंदांत आत वळतात. आणि तो जांभळा-निळा गालिचा ज्याचे फोटो सगळे काढतात, ती सीतेची आसवं, तीसुद्धा कीटकभक्षी! युट्रिक्युलारिया. तिला मुळंच नसतात, ओल्या मातीत बारीक फुगे असतात, फुग्यातलं पाणी ती बाहेर काढून ठेवते त्यामुळं आत दाब कमी, दाराशी केसाला सूक्ष्म जीव लागला की दार उघडतं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो. फुलांवर झोपून फोटो काढणाऱ्यांना मी दरवेळी हेच सांगते, की बाबांनो तुम्ही जिथं लोळताय तिथं खाली हे चाललंय, कृपा करून पायवाटेवरून चाला.

आता कुंडीचं. नर्सरीत संकरित जाती मिळतात त्याच घ्या, खासियाना रानातून उपटून विकलेली घेऊ नका, ती धोक्यात आलेली जात आहे, म्हणून तर दक्षिण गारो टेकड्यांत बाघमाऱ्याला तिच्यासाठी खास अभयारण्य केलंय. साताऱ्याची हवा पावसाळ्यात तिला छान मानवते, त्रास होतो तो मार्च ते मे, हवा कोरडी पडते आणि नवीन घडे धरत नाहीत, तेव्हा कडक उन्हातून काढून ओलावा राहील अशा जागी ठेवा. बोअरचं जड पाणी नको, पावसाचं साठवून वापरा. बागेतली काळी माती अजिबात नको, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धुऊन घ्या आणि त्यात परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) मिसळा. आणि युरिया, शेणखत, काहीही घालू नका, खत आयतं मिळालं की ती घडे करणं कमी करते. किडेही भरवायची गरज नाही, ती आपले आपण पकडते. घडा तपकिरी होऊन वाळला तर तेवढाच कापा, मागचं पान हिरवं असेल तर राहू द्या, अन्न तेच तयार करतंय.