पायलटची सीनिऑरिटी: आधी पदवी की आधी लायसन्स?

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिला एअरलाइन पायलट व्हायचं आहे. तिने आधी तीन वर्षांची पदवी घ्यावी आणि मग उड्डाणाकडे वळावं, असं तुम्हाला वाटतं. तुमच्या ओळखीतला एक को-पायलट मात्र म्हणाला, “एक वर्षही घालवू नका, इथे सगळं सीनिऑरिटीवर चालतं.” शिवाय फ्लाइंग स्कूलच्या एका एजंटने लायसन्स हातात आलं की नोकरी पक्की, असं तोंडी सांगितलं आहे. ही सीनिऑरिटी नक्की काय असते आणि तिच्यासाठी पदवी मागे ठेवावी का, हे तुम्ही विचारलं आहे.

को-पायलटचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. सीनिऑरिटी म्हणजे कंपनीतल्या पायलटांच्या ज्येष्ठता यादीतला क्रमांक. सीनिऑरिटी लायसन्सच्या तारखेपासून मोजत नाहीत, ती सहसा कंपनीत रुजू झाल्यापासून सुरू होते. त्यामुळे लायसन्स दोन महिने लवकर मिळवून वर्षभर घरी बसणाऱ्याला त्या घाईचा काहीच फायदा होत नाही.

इतर नोकऱ्यांत माणूस कंपनी बदलतो तेव्हा अनुभवाच्या जोरावर वरची जागा मागतो. पायलटच्या लॉगबुकातले, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीतले, तास त्याच्याबरोबर जातात, यादीतला क्रमांक मात्र जुन्या कंपनीतच राहतो. अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइनमध्ये वीस वर्षं कॅप्टन राहिलेला माणूसही नव्या कंपनीत सहसा फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) म्हणून, यादीच्या तळाशी रुजू होतो. भारतात कंपन्या गरजेप्रमाणे तयार कॅप्टन थेट घेतात, म्हणून इथे ही चौकट तेवढी कडक नाही. तरीही कंपनीच्या आत कमांड अपग्रेड (म्हणजे कॅप्टनपदी बढती), मोठं विमान, हवा तो बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर) आणि सणासुदीची रजा यांत यादीचा क्रम बोलतोच. मंदीत कपात झाली, तर जिथे सीनिऑरिटी पाळतात तिथे ती खालून सुरू होते.

हा क्रमांक किती हलू शकतो ते विलीनीकरणात कळतं. समजा, एका जुन्या कंपनीत ६०० पायलट आहेत आणि पाच वर्षांपूर्वी सुरू झालेल्या दुसऱ्या कंपनीत ३००. जुन्या कंपनीतले शेवटचे १५० जण याच पाच वर्षांत लागले आहेत. दोन्ही कंपन्यांची भरती सारख्या वेगाने झाली असं धरू. आता यादी रुजू झाल्याच्या तारखेने लावली, तर नव्या कंपनीची सर्वांत ज्येष्ठ कॅप्टन ४५१ च्या आसपास जाते. दोघांमागे एक अशा प्रमाणात लावली, तर ती थेट तिसरी येते. जुन्या कंपनीतल्या ५०० व्या पायलटला तारखेने साधारण ६०० वा क्रमांक मिळतो, प्रमाणाने साधारण ७५० वा. माणूस तोच, काम तेच, पण कमांडची पाळी दीडशे जागांनी लांबते. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. असं विलीनीकरण झालं की पायलटांची चर्चा पगाराइतकीच एकत्रित यादीवर का होते, ते या आकड्यांवरून लक्षात येईल.

कंपनी बंदच पडली, तर क्रमांक शून्य होतो. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. म्हणून पहिली नोकरी निवडताना सुरुवातीच्या पगारापेक्षा कंपनीकडे किती विमानं येणार आहेत, ती कोणत्या प्रकारची आहेत आणि आत्ताचे फर्स्ट ऑफिसर किती वर्षांनी कॅप्टन होत आहेत, हे बघावं. शेवटचा प्रश्न त्याच कंपनीतल्या दोन-तीन फर्स्ट ऑफिसरना विचारावा. भरतीच्या जाहिरातीत त्याचं उत्तर नसतं.

आता पदवीचं. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, डीजीसीए (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) पदवी मागत नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स असलेल्या तुमच्या मुलीला शिक्षणाची अट आड येणार नाही. वयाची अट १८ पूर्ण. त्यामुळे तीन वर्षं पूर्णवेळ कॉलेज करून मग सुरुवात करणं मला पटत नाही. निवृत्तीचं वय ६५ ठरलेलं आहे, म्हणजे सुरुवातीला घालवलेली तीन वर्षं शेवटच्या, सर्वांत जास्त पगाराच्या वर्षांतून वजा होतात. पदवी मात्र हवीच, कारण या पेशात मेडिकल, म्हणजे आरोग्याच्या पात्रतेचं प्रमाणपत्र, गेलं की उड्डाण थांबतं आणि तेव्हा हातात दुसरं काही असावं लागतं. दूरशिक्षणाने ती प्रशिक्षणाबरोबर होते.

घाई करायचीच असेल, तर मेडिकलची करा. आधी क्लास टू, म्हणजे पहिली तपासणी, मग डीजीसीएने ठरवलेल्या केंद्रावर क्लास वन, म्हणजे सीपीएलला लागणारी कडक तपासणी. फ्लाइंग स्कूलला एक रुपयाही देण्याआधी क्लास वन हातात हवं. चष्मा असला तरी दुरुस्त दृष्टी निकषात बसली की चालतं, रंगदृष्टीचा दोष मात्र मोठा अडथळा ठरतो. हिमोग्लोबिन किंवा वजनावरून ‘तात्पुरतं अपात्र’ असा शेरा आला, तर उपचार आणि फेरतपासणीत काही महिने सहज जातात. हे आधीच कळलेलं बरं.

त्यानंतर पेपर. नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल, आणि रेडिओ टेलिफोनीची परीक्षा वेगळी. डीजीसीएच्या पेपरांत पास व्हायला ७० टक्के लागतात. मुलं अडकतात ती इथे: आधी स्कूलमध्ये दाखल होतात, विमानात बसतात आणि पेपर मागे राहतात. माझा आग्रह असा की निदान नेव्हिगेशन आणि मीटिऑरॉलॉजी उड्डाण सुरू होण्याआधी निघावेत.

सीपीएलला २०० तास लागतात. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना, काही तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्या विमानतळापर्यंत, आणि त्यातलं एक उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचं. स्कूल ‘दीड वर्षात’ म्हणतं तेव्हा विद्यार्थ्यांमागे उडण्याच्या स्थितीतली विमानं किती आणि इन्स्ट्रक्टर किती, हे विचारा. पावसाळ्यात तास किती होतात, तेही. मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांचं विमान फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता, हेही याच टप्प्यात होतं. त्याची मुदत एक वर्षाची असते. भरती वर्षभर लांबली की ते पुन्हा करावं लागतं, आणि हा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

नोकरी ‘पक्की’ नसते. कंपनी लेखी परीक्षा घेते, मानसिक क्षमता तपासते, सिम्युलेटरवर बसवते, मुलाखत घेते. निवड झाल्यावर ए३२०, ७३७ किंवा एटीआरचं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता), मग प्रवाशांसह लाइन ट्रेनिंग आणि शेवटी रिलीज, म्हणजे प्रशिक्षण संपून नेहमीच्या ड्यूटीवर लागणं. हातात ऑफर आली की तीन गोष्टी लेखी मागा. सीनिऑरिटी रुजू झाल्यापासून धरतात की रिलीजपासून? एकाच बॅचमधला क्रम कशावर लावतात? बाँड, म्हणजे कंपनी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा आणि मधेच सोडल्यास किती भरावे लागतात? सिम्युलेटर मिळाला नाही म्हणून एखादी बॅच महिनोन् महिने रखडते. अशा वेळी पहिल्या प्रश्नाचं उत्तर काय आहे, यावर पुढचा क्रम ठरतो. कंपनी सोडतानाही नियम आहे: डीजीसीएनुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते.

रोस्टरबद्दल, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाबद्दल, तुम्ही काही विचारलं नाही, पण घरच्यांनी ते समजून घ्यायला हवं. सकाळी साडेपाचचं विमान म्हणजे साडेचारच्या सुमाराला रिपोर्टिंग, तीनला गाडी, दोनला गजर. डीजीसीएच्या ड्यूटी आणि विश्रांतीच्या नवीन नियमांत रात्र १२ ते ६ धरतात, त्यामुळे ही ड्यूटी रात्रीत मोडते. तिला उड्डाणाचे जास्तीत जास्त ८ तास आणि ड्यूटीचे १० तास, शिवाय लँडिंगवर दोनची मर्यादा. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली आहे, आणि वर्षाला उड्डाणाची कमाल १००० तास. या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोचं पायलटांचं नियोजन त्यात कोलमडलं, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि डीजीसीएला रात्रीच्या काही तरतुदींत तात्पुरती सूट द्यावी लागली. विश्रांती वाढली की एका विमानामागे जास्त पायलट लागतात, म्हणून भरतीसाठी हे चांगलंच आहे. पण नवख्या पायलटच्या वाट्याला स्टँडबाय (बोलावणं आलं तर जाण्यासाठी तयार राहणं) आणि पहाटेच्या ड्यूट्या जास्त येतात, आणि दिवाळीची रजा बहुतेक वेळा वरच्यांना मिळते. पहिली काही वर्षं असं चालणार, हे मुलीला आत्ताच कळू द्या.

आता एजंट. मेडिकल आणि निदान दोन पेपर हातात येईपर्यंत त्याला काहीही देऊ नका. त्याच्याकडून एवढंच लेखी घ्या: गेल्या दोन वर्षांत सीपीएल मिळवलेल्या त्याच्या विद्यार्थ्यांपैकी आज किती जण एअरलाइनमध्ये रिलीज झाले आहेत. त्यातल्या तिघांशी तुमच्या मुलीने स्वतः फोनवर बोलावं. यादी मिळाली नाही, तर दुसरं स्कूल बघा.