‘स्टेअरवे’ झालं, ‘काश्मीर’ झालं. आता लेड झेपेलिनचं काय ऐकू?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य फार आवडलं: ‘सात-आठ गाणी पाठ झाली, आता आतल्या खोलीचं दार दाखवा.’ सोबत एक उपप्रश्नही आहे, की शेवटचा अल्बम सगळे टाकाऊ म्हणतात, तो वगळला तर चालेल का? त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी दार. (नवख्यांसाठी: लेड झेपेलिन हा सत्तरच्या दशकात गाजलेला ब्रिटिश रॉक बँड, आणि ‘स्टेअरवे’ म्हणजे त्यांचं ‘स्टेअरवे टू हेवन’.)

‘कमी वाजलेली’ गाणी दोन तऱ्हेची असतात. काही रेडिओवर आणि पार्ट्यांमध्ये वाजत नाहीत. काही खुद्द बँडनेच स्टेजवर वाजवली नाहीत, किंवा एखाद्या वेळी वाजवून सोडून दिली. मला नाद आहे तो या दुसऱ्या तऱ्हेचा. ही मंडळी तीन-तीन तास वाजवायची. ‘डेज्ड अँड कन्फ्यूज्ड’ अर्धा तास ताणायची, ‘मोबी डिक’मध्ये बाकीचे आत जायचे आणि जॉन बॉनम एकटा ड्रम बडवत बसायचा. म्हणजे वेळेची काही टंचाई नव्हती. तरी एखादं गाणं बाजूला राहिलं असेल तर त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते कारण कळलं की गाणं निराळंच ऐकू येतं.

‘इन द लाइट’पासून सुरू करा. 1975 चा ‘फिजिकल ग्राफिटी’ हा डबल अल्बम, त्यातलं हे गाणं. सुरुवातीला बराच वेळ ताल नाहीच. जॉन पॉल जोन्सचा सिंथेसायझर एक सूर धरून हळूहळू उलगडत जातो, आणि त्याच्याखाली जी घुमणारी खर्जाची धून आहे ती गिटारवादक जिमी पेजने अकूस्टिक गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवून काढलीय. आपल्याकडे आलाप ऐकत वाढलेल्या माणसाला इथे घाई होत नाही. पहिला ठोका पडेपर्यंत मजेत बसता येतं. हे गाणं त्यांनी मैफलीत एकदाही वाजवलं नाही. स्टुडिओतला तो सिंथेसायझरचा आवाज स्टेजवर जसाच्या तसा काढता येईना, म्हणून जोन्सने हात वर केले.

माझ्या बाबतीत ते आणखी एका कारणाने वाजलं नाही. कॉलेजात असताना एका मित्राने हा अल्बम मला साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून दिला. अल्बम ब्याऐंशी मिनिटांचा. मग साहेबांनी स्वतःच्या अकलेने ‘संथ’ गाणी गाळली आणि यादी सुंदर अक्षरात लिहून दिली. गाळलेल्यांचा उल्लेखच नाही! ‘इन द लाइट’ नावाचं काही अस्तित्वात आहे हे मला सीडी हातात पडल्यावर कळलं. मित्राला अजून माफ केलेलं नाही.

त्याच कात्रीतून ‘टेन इयर्स गॉन’ थोडक्यात वाचलं होतं. गायक रॉबर्ट प्लांटला दहा वर्षांपूर्वी एका मुलीने ‘मी की तुझे चाहते’ असं विचारलं होतं आणि त्याने गाणं निवडलं. त्याची ही आठवण. पेजने त्यात गिटारचे थरावर थर चढवलेत, चौदाएक तरी. हेडफोन लावून ऐका आणि डावीकडून उजवीकडे कोण कुठे बसलंय ते शोधा. 1977 च्या दौऱ्यात हे गाणं घ्यायचं ठरलं, तेव्हा एवढ्या गिटारी आणायच्या कुठून हा प्रश्न पडला. जोन्सने तीन गळ्यांची गिटार बनवून घेतली आणि निभावून नेलं. ‘इन द लाइट’ला असा वाली भेटला नाही.

आता मुंबई. हा भाग थोडा लांबणार, माफ करा.

चौथ्या अल्बमवर ‘स्टेअरवे’च्या सावलीत ‘फोर स्टिक्स’ नावाचं गाणं आहे. बॉनमने प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं, म्हणून हे नाव. पाच मात्रांचा घास आणि सहा मात्रांचा घास आळीपाळीने येतो, त्यामुळे पाय आपटत ऐकणाऱ्याची फजिती होते. पाचचा हिशोब दोन-तीन असा धरा, म्हणजे झपतालाचा अर्धा. मग फजिती कमी होते. हे त्यांनी स्टेजवर वाजवल्याची नोंद एकच आहे, मे 1971, कोपनहेगन. तसंच तिसऱ्या अल्बमवरचं ‘फ्रेंड्स’. गिटारची खालची तार उतरवून सी वर आणलेली, बाकीच्या तारा त्याच कॉर्डभोवती लावलेल्या, त्यामुळे तंबोऱ्यासारखी एक धून कायम चालू. तेही मैफलीत एकदाच, त्याच वर्षी, ओसाकाला.

या दोन अनाथ गाण्यांना घेऊन पेज आणि प्लांट 1972 साली मुंबईत आले आणि इथल्या वादकांबरोबर त्यांनी ती पुन्हा ध्वनिमुद्रित केली. बॉनम आणि जोन्स नव्हते, त्यामुळे ठेका आपल्या तालवाद्यांनी धरलाय. त्याच काळात कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या छोट्याशा डिस्कोतही दोघांनी वाजवलं. तिथे तेव्हा हजर असलेल्या मंडळींचा हेवा मी आयुष्यभर करणार आहे. ते ध्वनिमुद्रण मात्र बाहेर आलं नाही. चोरट्या प्रती फिरायच्या, आवाज असा की शेजारच्या इमारतीत कोणी वाजवतंय आणि आपण खिडकीतून ऐकतोय. अधिकृतपणे ते 2015 मध्ये ‘कोडा’च्या (बँड संपल्यावर निघालेला, उरलेल्या गाण्यांचा अल्बम) नव्या आवृत्तीत आलं. त्रेचाळीस वर्षं लागली. तिथे ‘फोर स्टिक्स’चं नाव ‘फोर हँड्स’ झालंय.

खरं सांगायचं तर ते अर्धकच्चं आहे. तंतुवाद्यं कुठे कुठे अडखळतात, तालीम आणखी हवी होती हे जाणवतं. पण ‘काश्मीर’ ऐकून जे लोक ‘वा, किती भारतीय’ म्हणतात त्यांना मी आधी हे ऐकवतो. ‘काश्मीर’चे शब्द मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर सुचलेले आहेत, भारताशी प्रत्यक्ष गाठ पडली ती या मुंबईच्या तुकड्यांत. आणि पेज-प्लांटच्या डोक्यातून ही दोन गाणी गेली नाहीत. दोघांच्या 1994 च्या ‘नो क्वार्टर’ या अल्बममध्ये दोन्ही पुन्हा मोठ्या वाद्यवृंदासह आली, या वेळी व्यवस्थित तालमी करून. तिन्ही रूपं ओळीने ऐका. माझं मत विचाराल तर ‘फ्रेंड्स’ मुंबईचं, ‘फोर स्टिक्स’ मूळचंच. बॉनमच्या त्या चार काठ्यांना पर्याय नाही.

‘प्रेझेन्स’ (1976) या अल्बमवर बरेच जण काट मारतात. ऑगस्ट 1975 मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर प्लांटला मोटार अपघात झाला. म्युनिकमध्ये अठराएक दिवसांत हा अल्बम उरकला तेव्हा तो चाकाच्या खुर्चीत होता. कीबोर्ड नाहीच, आवाज कोरडा आणि चिडलेला. ‘अकिलीस लास्ट स्टँड’ तुम्हाला माहीत असेल, त्यापुढे जाऊन ‘फॉर युवर लाइफ’ ऐका. बॉनम गेल्यावर (25 सप्टेंबर 1980) बँड संपला, तोवर हे गाणं मैफलीत एकदाही आलं नव्हतं. पहिल्यांदा आलं ते 10 डिसेंबर 2007 ला, लंडनच्या ओटू अरीनात, ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. एकतीस वर्षं थांबलेलं गाणं, आणि ताजं वाटतं! ‘टी फॉर वन’ ही संथ ब्लूज मात्र रात्री एकट्याने ऐकायची. दुपारी ऐकलीत तर कंटाळा येईल आणि दोष मला द्याल.

बाकी झटपट. ‘हे, हे, व्हॉट कॅन आय डू’ 1970 मध्ये अमेरिकेत ‘इमिग्रंट साँग’च्या मागच्या बाजूला निघालं आणि तेव्हाच्या कुठल्याच अल्बमवर आलं नाही, त्यातलं मँडोलिन ऐकून दिवस बरा जातो. ‘आउट ऑन द टाइल्स’ची सुरुवात ओळखीची वाटेल, कारण मैफलीत तीच ‘ब्लॅक डॉग’च्या आधी जोडायचे. म्हणजे तोंड वाजायचं आणि धड घरी राहायचं. ‘वेअरिंग अँड टेअरिंग’ हे तेव्हाच्या पंक रॉकवाल्या नव्या पोरांना दिलेलं उत्तर. इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या 1979 च्या मैफलींसाठी वेगळी रेकॉर्ड काढायची होती, ती वेळेत झाली नाही. 1982 च्या ‘कोडा’वर आलं, तोवर भांडणच संपलं होतं. ‘द क्रंज’ मात्र मला आजही गंमत म्हणूनच आवडतं, एकदा हसावं आणि पुढे जावं.

आता तुमचा उपप्रश्न. ‘इन थ्रू द आउट डोअर’ (1979) वगळू नका, पण सलगही ऐकू नका. ‘हॉट डॉग’ खुशाल ओलांडा. ‘कॅरूसेलॅम्ब्रा’वर थांबा. साडेदहा मिनिटांचं गाणं, जोन्सच्या कीबोर्डने पुढे रेटलेलं, आणि प्लांटचा आवाज मिश्रणात इतका मागे टाकलाय की शब्द हाती लागत नाहीत. पहिल्या दोन-तीन वेळा चीड येते. मी शब्दांचा नाद सोडला आणि मधला संथ तुकडा येईपर्यंत फक्त बॉनमचा उजवा पाय ऐकत राहिलो, तेव्हा कुठे ते गाणं मला सापडलं. तुम्हीही तसंच करून बघा आणि कसं वाटलं ते इथेच लिहा.