संकटाने धीर येतो की सुटतो?

प्रश्न असा आहे : बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात ‘संकटाने धीर, धीराने शील व शिलाने आशा निर्माण होते’ असे वाचायला मिळते. आपल्या बोलण्यात तर संकट आले की धीर सुटतो. मग इथे तो निर्माण कसा होतो? ‘चिकाटी’ किंवा ‘सहनशीलता’ जास्त बरे दिसले नसते का? जोडीला एक उपप्रश्नही आहे : बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या ख्रिस्ती स्नेह्याला पत्रात ‘धीर धरा’ असे लिहावे का?

माझे मत, ‘धीर’ आहे तो राहू द्यावा. घोळ होतो तो या शब्दाच्या आजच्या वापरामुळे. ‘विचारायचा धीर झाला नाही’ म्हणतो तेव्हा धीर म्हणजे हिंमत. ‘पोराला जरा धीर निघत नाही’ यात वाट पाहण्याची तयारी. ‘चार माणसे धीर द्यायला आली’ यात सांत्वन. त्यात हिंदीतल्या ‘धीरे धीरे’ची भर पडली आणि ‘धीराने’ म्हणजे ‘सावकाश’ असा अर्थ काही तरुण वाचकांच्या कानात बसू लागला. संस्कृतात धीर म्हणजे स्थिर, न डळमळणारा. मराठीत हा अर्थ मुख्यत्वे ‘धीर धरणे’ आणि ‘धीराचा माणूस’ यांत टिकून आहे. पौलाच्या वाक्यातला धीर या घरातला आहे.

तिथला मूळ ग्रीक शब्द हुपोमोने. ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘मेनो’ म्हणजे राहणे. ओझ्याखाली उभे राहणे, अंग काढून न घेणे. शब्दाची फोड करून अर्थ लावण्यात फसगत होऊ शकते, म्हणून वापरही पाहावा. इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायाच्या आरंभी हाच शब्द शर्यतीच्या संदर्भात येतो : नेमून दिलेली धाव धीराने धावायची आहे. ‘सावकाश’ किंवा ‘वाट पाहत’ धरून वाचले, तर धावण्याचे हसे होईल. इथे धीर म्हणजे दम लागला तरी मैदान न सोडणे.

दुसरे उदाहरण जुन्या करारातल्या, संकटांनी ग्रासलेल्या ईयोबाचे. याकोबाच्या पत्रात (5:11) त्याच्याविषयी हाच ग्रीक शब्द वापरला आहे. ज्यांना ईयोब म्हणजे निमूटपणे सोसणारा माणूस वाटतो, त्यांनी त्याच्या नावाचे पुस्तक पुन्हा चाळावे. पहिले दोन अध्याय संपले की तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, मित्रांना फैलावर घेतो, देवाकडे जाब मागतो. मात्र तक्रार देवापाशीच करतो, त्याच्याकडे पाठ फिरवत नाही. एवढी आदळआपट ‘सहनशीलता’ या शब्दात मावत नाही, धीरात मावते.

शिवाय मराठी पवित्र शास्त्रात (बायबलात) ‘सहनशीलता’ला आधीच दुसरे काम मिळालेले आहे. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे येणाऱ्या गुणांची जी यादी आहे (5:22), तिथे तो शब्द माक्रोथुमिया या ग्रीक शब्दासाठी आला आहे. राग लांबवणे, माणसांचे सोसून घेणे, असा त्याचा रोख. ढोबळमानाने परिस्थितीपुढे धीर आणि माणसांशी सहनशीलता, अशी वाटणी करता येते. ढोबळ म्हणण्याचे कारण, याकोबाच पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत या दुसऱ्या शब्दाचे क्रियापद वापरतो. तरी कलस्सैकरांस पत्रात (1:11) हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. दोघांना एकच मराठी शब्द दिला तर तिथे भाषांतरकाराची पंचाईत होईल.

‘चिकाटी’ तसा तरतरीत शब्द आहे. अभ्यासात, धंद्यात, गिर्यारोहणात तो शोभतो. पण त्यात श्रेय चिकटून राहणाऱ्याकडे जाते. रोमकरांस पत्राच्याच 15व्या अध्यायात देवाला धीर आणि उत्तेजन देणारा म्हटले आहे. धीर धरताही येतो आणि देताही येतो. चिकाटी कोणी कोणाला देत नाही. विश्वासातल्या टिकण्याबद्दल बोलायचे तर ही देण्याघेण्याची सोय सोडून कशी द्यायची?

आता ‘संकट’. इथे मराठीने, बहुधा योगायोगाने, कमाल केली आहे. मूळ ग्रीक शब्द थ्लिप्सिस, म्हणजे दाब, चेपणे. मत्तयाच्या 7व्या अध्यायात जीवनाकडे नेणारी वाट अरुंद असल्याचे येशू सांगतो, तिथेही याच धातूचे रूप आहे : दोन्हीकडून चेपलेली वाट. आणि संस्कृतात ‘संकट’चा जुना अर्थ काय? अरुंद, दाटीवाटीचा. म्हणजे संकट ही मुळात कोंडी. कोंडीत सापडलेल्याला पुढेही सरता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. तिथे टिकून राहण्याची सवय अंगवळणी पडते ती कोंडीतच, बाहेर मोकळ्यावर नव्हे. पौलाच्या वाक्यातला ‘निर्माण होते’चा अर्थ मला असा लागतो.

मग धीर सुटतो त्याचे काय? तो पौलाचाही सुटला होता. रोमकरांस पत्र साधारण इ.स. 57च्या सुमाराचे मानतात आणि करिंथकरांस दुसरे पत्र त्याच्या थोडेच आधीचे. त्या आधीच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो लिहितो, की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, इतका की जगण्याचीही आशा उरली नाही. हे घडले ते आम्ही स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून, अशी पुस्तीही तो जोडतो. पुढे 11व्या अध्यायात हिशेबच मांडतो : एकोणचाळीस फटके पाच वेळा, छड्यांचा मार तीन वेळा, दगडमार एकदा, तारू फुटले तीन वेळा, एक रात्र आणि एक दिवस समुद्रात. अंगातला काटा, म्हणजे सतत सलणारा एक त्रास, काढून टाक, अशी विनवणी त्याने प्रभूला तीनदा केली. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढे उत्तर मिळाले. तेव्हा आपला धीर सुटणे आणि पौलाचा धीर निर्माण होणे यांत विरोध नाही. पहिल्यात स्वतःच्या बळावरचा भरवसा सुटतो, दुसऱ्यात दुसऱ्याच्या बळाला धरून राहणे सुरू होते.

जाता जाता, याच वाक्यातला ‘शील’ मला धीरापेक्षा जास्त खटकतो. ग्रीक दोकिमे म्हणजे पारखून खरे ठरलेलेपण. आज शील म्हटले की बहुतेकांच्या मनात चारित्र्य, त्यातही स्त्रीचे, एवढेच येते. ‘कस’ हा शब्द इथे चपखल बसला असता.

राहिला पत्राचा प्रश्न. ‘धीर धरा’ व्याकरणाने आणि सद्भावनेने ठीकच, पण ती आज्ञा आहे. महिनोन्‌महिने पडून असलेल्या माणसाला आपण कुठेतरी कमी पडलो, असे त्यातून वाटू शकते. ‘खंबीर राहा’ त्याहून वाईट. ‘देव तुम्हाला धीर देवो’ असे लिहावे आणि पुढच्या ओळीत आपण भेटायला कधी येतो आहोत तो वार कळवावा.