जनरेटरच्या 12 व्होल्ट सॉकेटवरून कॅम्परच्या बॅटऱ्या का भरत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की कॅम्परमध्ये 100 एएचच्या (एएच म्हणजे ॲम्पिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या समांतर जोडल्या आहेत, पोर्टेबल जनरेटरच्या 12 व्होल्ट सॉकेटवरून त्या चार तास चार्ज केल्या आणि तरी रात्री दिवे मंद होतात. जनरेटर ठीक आहे, बॅटऱ्याही बहुधा ठीक असतील. सॉकेट चुकीचं निवडलंय.

लहान जनरेटरवरचं ते डीसी सॉकेट साधारण 8 ॲम्पिअर देतं. दोन्ही बॅटऱ्या निम्म्या उतरल्या असतील तर 100 एएच भरून काढायचे आहेत. 8 ने भागलं तर साडेबारा तास होतात, आणि लेड-ॲसिडमध्ये घातलेलं सगळं साठत नाही, म्हणून चौदा-पंधरा तास धरा. तुमच्या चार तासांत जेमतेम 32 एएच गेले, त्यातही पंप किंवा पंखा चालू असेल तर त्याचा वाटा वजा. शिवाय या सॉकेटचं व्होल्टेज बॅटरीच्या गरजेनुसार बदलत नाही आणि बॅटरी भरली म्हणून ते थांबतही नाही. गाडी सुरू होण्यापुरता जीव बॅटरीत आणायचा असेल तर ते चालेल, रोजच्या चार्जिंगला नाही.

जनरेटरच्या एसी सॉकेटवर चांगला तीन टप्प्यांचा (आधी जोरात, मग सावकाश भरणारा, शेवटी नुसती भरलेली राखणारा) चार्जर लावा. लेड-ॲसिडसाठी चार्जर एकूण एएचच्या 10 ते 20 टक्के हवा, म्हणजे तुम्हाला 20 ते 40 ॲम्पिअरचा. मी 30 चा निवडेन. कारण जनरेटर: 30 ॲम्पिअर गुणिले 14.4 व्होल्ट म्हणजे सुमारे 430 वॉट, चार्जरमधली घट धरून 500. साध्या चार्जरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी खरोखर कामी येणारा वाटा) 0.7 च्या आसपास असतो, त्यामुळे जनरेटरवर सव्वासातशे व्हीएचा (व्होल्ट-ॲम्पिअर, जनरेटरची क्षमता यात मोजतात) भार येतो. 1000 व्हीएचा जनरेटर तो आरामात ओढतो. 40 चा चार्जर मात्र याच हिशेबाने 970 व्हीएपर्यंत, म्हणजे अगदी मर्यादेला टेकतो आणि त्याच जनरेटरचा ओव्हरलोडचा दिवा लागू शकतो. उंचावर इंजिनाची ताकद दर 300 मीटरला साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते, डोंगरात जाणार असाल तर तेही धरा.

नवा चार्जर घेण्याआधी एक तपासा. कॅम्परची बाहेरची वीज घेणारी केबल जनरेटरला लावली की आतला कन्व्हर्टर (एसीची 12 व्होल्ट डीसी करणारा डबा) बॅटऱ्या चार्ज करतो. तासाभराने मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरा. आकडा 14.4 च्या दिशेने चढत असेल तर कन्व्हर्टर चांगला आहे, वेगळा चार्जर लागणार नाही. तो कितीही वेळ 13.6 लाच अडून राहिला तर कन्व्हर्टर जुन्या पद्धतीचा, एकाच व्होल्टेजचा आहे. त्याच्यावर बॅटरी भरायला दिवस जातो. ही केबल लावताना फ्रिज गॅसवर ठेवा आणि पाणी तापवायचा एलिमेंट बंद करा. इन्व्हर्टरही (बॅटरीतून एसी वीज बनवणारा) बंद हवा. नाहीतर काही कॅम्परमध्ये बॅटरीतून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर चार्जर, चार्जरमधून पुन्हा बॅटरी असं चक्र सुरू होतं आणि बॅटरी उलट उतरत जाते.

केबलमध्ये बरेच जण फसतात. चार्जर बॅटरीजवळ ठेवा आणि लांबी एसी एक्स्टेन्शनला द्या, डीसी बाजूला नाही. 6 चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत, जाऊन-येऊन 4 मीटर अंतर असेल तर 30 ॲम्पिअरवर 0.4 व्होल्ट वाटेतच पडतात. चार्जरला 14.4 दिसतात, बॅटरीला 14.0 मिळतात, आणि चार्जर टप्पा लवकर बदलतो. 16 चौरस मिमीची तार वापरा. पॉझिटिव्हवरचा फ्यूज टर्मिनलपासून वीतभराच्या आत बसवा. अर्ध्या तासाने लग (तारेच्या टोकाचं टर्मिनलवर बसणारं धातूचं कडं) हाताला गरम लागला तर चार्जिंग थांबवा, तो सोडवून घासा आणि नीट कसा.

क्रम असा: जनरेटर सुरू करून दोन-तीन मिनिटं तापू द्या. चार्जरचे क्लॅम्प आधी बॅटरीला लावा, एसी स्विच मग. काढताना आधी स्विच बंद, मग क्लॅम्प. लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि क्लॅम्पची एक ठिणगी तो पेटवायला पुरते, म्हणून बॅटरीचा कप्पा उघडा ठेवा.

जनरेटर कॅम्परपासून किमान 6 मीटर दूर, सायलेन्सरचं तोंड खिडक्या-दारांपासून उलट दिशेला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत जीव जातो. आत त्याचा अलार्म हवाच. झोपायच्या वेळी जनरेटर चालू ठेवू नका. पेट्रोल भरायचं तर इंजिन बंद करून थंड झाल्यावर.

आता किती वेळ चालवायचं? निम्म्यापासून 80 टक्क्यांपर्यंत 30 च्या चार्जरला दोन-सव्वादोन तास लागतात. पुढचे 20 टक्के बॅटरी सावकाश घेते, त्याला आणखी चारेक तास जातात. इको मोडमध्ये (भारानुसार इंजिनाचा वेग कमी-जास्त होतो तो) हे कानानेही कळतं: आधी इंजिन एका सुरात जोर लावतं, मग आवाज हळूहळू खाली येतो. तिथे जनरेटर बंद करा. उरलेलं सोलर पॅनेलवर सोडा. 100 वॉटचं पॅनेलही या टप्प्यात उपयोगी पडतं. पण आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा तरी पूर्ण 100 टक्के भराच, नाहीतर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता परत येत नाही. भार काढून काही तास विसावलेली बॅटरी 12.7 व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. त्याखाली रोज उतरवू नका. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर चार्जिंगआधी प्लेटा पाण्याखाली आहेत ना तेवढंच पाहा, डिस्टिल्ड वॉटर पातळीपर्यंत नंतर भरा. चार्ज होताना ॲसिड फुगतं आणि आधीच काठोकाठ भरलेलं बाहेर येतं.

पुढे लिथियम आयर्न फॉस्फेटवर गेलात तर ही शेवटच्या 20 टक्क्यांची अडचण जवळपास संपते. 200 एएचला 40 ॲम्पिअरचा, लिथियमची सेटिंग असलेला चार्जर अडीच तासांत निम्म्यापासून भरतो. शून्य अंश सेल्सिअसखाली मात्र ती चार्ज करायची नाही. आणि अगदी उतरल्यावर मीटर शून्य दाखवत असेल तर घाबरू नका, आतल्या बीएमएसने (बॅटरीला जपणाऱ्या सर्किटने) तोडलेलं असतं. तिला जागं करणारा मोड चार्जरला आहे का, हे खरेदीच्या वेळीच बघून घ्या.