18 फुटी बोटीवर तीन फ्लेअर आणि मोबाइल असताना रेडिओ कशाला?

तुमच्या बोटीवर माणशी एक लाइफ जॅकेट, तीन लाल हँड फ्लेअर (हातात धरून पेटवायच्या, संकटाचा इशारा देणाऱ्या कांड्या) आणि एक शिट्टी आहे, मोबाइल खिशात असतोच. मग रेडिओचा खर्च का करायचा, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर आधीच सांगतो: रेडिओ घ्या, आणि फ्लेअरवर फार भिस्त ठेवू नका.

नियमांच्या हिशेबात तुम्ही जवळजवळ पास आहात. अमेरिकेचंच उदाहरण घ्या. तिथे किनाऱ्याजवळच्या समुद्रात 16 फूट किंवा त्याहून लांब बोटीवर संकटात दाखवायचे दिवसाचे आणि रात्रीचे असे दोन्ही संकेत लागतात, आणि दोन्ही वेळी चालणारे तीन लाल फ्लेअर असले की ती अट पुरी होते. त्याच लांबीच्या बोटीला फेकता येईल असं एक तरंगतं साधनही लागतं, रिंग किंवा उशी. ते तुमच्या यादीत दिसलं नाही. प्रत्येक देशाची यादी वेगळी असते, तेव्हा बोटीची नोंदणी जिथे केलीत तिथली यादी पाहून घ्या. पण नियम फक्त बोटीवर काय असावं ते सांगतो. तुमचा संकेत बघायला समोर कोणी असेल की नाही, याची हमी तो देत नाही.

मला हे फार उशिरा उमगलं. एका संध्याकाळी इंजिन बंद पडलं. दुरुस्तीच्या नादात अंधारून आलं आणि वारा आम्हाला हळूहळू खडकांकडे ढकलायला लागला. लांबून एक मोठं जहाज चाललेलं दिसलं, म्हणून मी घाईघाईने पहिला फ्लेअर पेटवला. तो मिनिटभर जळला आणि विझला. जहाज आपल्या वाटेने निघून गेलं. दुसरा हातात घेतला, तर त्यावरच्या सूचना मुंगीएवढ्या अक्षरात. टोपण कुठल्या टोकाचं काढायचं ते दिसेना. चाचपडत पेटवला, तोही वाया गेला. मग सोबतच्या मित्राला त्याच्या पिशवीतल्या हातातल्या व्हीएचएफची, म्हणजे बोटींवरच्या रेडिओची, आठवण झाली. संकटाच्या हाकेसाठीच्या चॅनल 16 वर हाक दिल्यावर एका मच्छीमार बोटीने उत्तर दिलं. ते जवळ आले, पण काळोखात आम्ही त्यांना दिसेनात. ‘आता काहीतरी पेटवा’ असं ते म्हणाले, तेव्हा तिसरा फ्लेअर पेटवला आणि ते सरळ आमच्याकडे वळले.

म्हणजे कामं दोन आहेत. लांबच्या कुणाला तरी ‘आम्ही संकटात आहोत’ हे कळवणं एक, आणि मदतीला आलेल्याला ‘आम्ही इथे आहोत’ हे दाखवणं दुसरं. हँड फ्लेअर मुख्यतः दुसऱ्या कामाचा. तुमचे तीन म्हणजे जेमतेम तीन मिनिटांचा उजेड. पॅराशूट रॉकेट सुमारे 300 मीटर वर जाऊन 40 सेकंद जळतं, त्यामुळे ते लांबून दिसतं. पण हेलिकॉप्टर डोक्यावर असताना ते चुकूनही उडवू नका. दिवसा लाल उजेडापेक्षा नारिंगी धूर चांगला दिसतो. फ्लेअर धरताना हात बोटीबाहेर लांब करा, वारा ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूला, म्हणजे निखारे अंगावर येणार नाहीत. मुदत संपलेले फ्लेअर नियमात धरत नाहीत. अमेरिकेत ही मुदत उत्पादनापासून 42 महिने असते. मुदत संपली म्हणून मजेखातर उडवायचेही नाहीत. संकट नसताना असे संकेत देण्याला सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच मनाई आहे.

त्याच नियमांच्या यादीत एक फुकटचा संकेतही आहे: दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करत राहणं. भरभर हलवलेत तर लोकांना वाटतं तुम्ही टाटा करताय, आणि तेही हात हलवून पुढे जातात.

मोबाइल जवळ ठेवाच, पण त्यावरून तुम्ही एकाच माणसाशी बोलता, आणि तेही रेंज असेपर्यंत. चॅनल 16 वरची हाक टप्प्यातली, रेडिओ त्या चॅनलवर लावलेली प्रत्येक बोट ऐकते, आणि पहिली मदत पुष्कळदा अशा शेजारच्या बोटीकडूनच येते. जीवावर बेतलं असेल तर ‘मेडे’ हा संकटाचा शब्द तीनदा, बोटीचं नाव तीनदा, मग पुन्हा एकदा ‘मेडे’ आणि नाव, आणि लगेच ठिकाण. त्यानंतर काय झालं, कसली मदत हवी, माणसं किती. बोलणं मध्येच तुटलं तरी ठिकाण पोचलेलं असतं. नुसतं इंजिन बंद पडलं आणि तातडीचा धोका नसेल तर ‘मेडे’ नाही, ‘पॅन-पॅन’ म्हणायचं.

बोटीत बसवायचा 25 वॉटचा सेट घेतलात तर त्यावर झाकणाखाली एक लाल बटण असतं. ते दाबून धरलं की संकटाचा डिजिटल संदेश चॅनल 70 वरून जातो. पण त्यासाठी आधी तुमच्या बोटीचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओवरची बोटीची ओळख, त्यात भरलेला हवा, आणि संदेशासोबत ठिकाणही जायला सेटला जीपीएस मिळत असायला हवं. नवीन सेट बसवून वर्षभर हा क्रमांक न भरणारे लोक मी पाहिलेत. रेडिओ वापरायला बऱ्याच देशांत परवाना लागतो, तो काढा; मात्र जीव धोक्यात असताना कोणीही तो उचलून बोलू शकतं.

किनारा दिसेनासा होईल इतकं लांब जाणार असाल तर पीएलबी घ्या. 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश देणारं हे हातात मावणारं यंत्र आहे, एकदा सुरू केलं की किमान 24 तास चालतं. ते तुमच्या नावावर नोंदवलेलं असलं की बचाव पथकाला घरच्यांना फोन करून तुम्ही खरंच पाण्यात आहात का, याची खात्री करता येते.

लाइफ जॅकेट बाकाखाली रचून ठेवू नका, अंगात घाला. बोट कलंडल्यावर पाण्यात ते चढवणं फार कठीण असतं. फुगणारं असेल तर आतली गॅसची नळकांडी घट्ट बसली आहे का ते हाताने फिरवून पाहा, ती हळूहळू ढिली होते. हातातला रेडिओ त्याच जॅकेटला दोरीने बांधा. आणि फ्लेअरवरच्या सूचना आज दिवसाउजेडी वाचून घ्या, चाळिशी लावून.